लायगेशन फसतंय? नवं लायगेज मागवण्याआधी या चुका टाळा

एम.एस्सी.ची मुलं जानेवारीत प्रोजेक्टसाठी लॅबमध्ये येतात आणि फेब्रुवारी संपायच्या आत कुणीतरी जिवाणूंचा एकही ठिपका (कॉलनी) न उगवलेली रिकामी प्लेट घेऊन दारात उभं असतं. "मॅडम, लायगेज गेलंय वाटतं." लायगेज म्हणजे डीएनएचे तुकडे जोडणारं एन्झाइम, आणि ती जोडणी म्हणजे लायगेशन. इतक्या वर्षांत खरोखर गेलेलं टी-फोर लायगेज (आम्ही वापरतो ते) मी दोनदाच पाहिलंय. बाकी प्रत्येक वेळी एन्झाइम ठणठणीत होतं, त्याला कामाला जे लागतं तेच ट्यूबमध्ये नव्हतं.

काय लागतं ते आधी पक्कं करा. लायगेज एटीपी हा ऊर्जा देणारा रेणू फोडतं आणि त्यातला एएमपी हा तुकडा स्वतःच्या एका लायसिनवर (अमिनो आम्लावर) घेतं. डीएनए साखळीच्या दोन टोकांना ५-प्राइम आणि ३-प्राइम म्हणतात. तिथून तो डीएनएच्या ५-प्राइम टोकावरच्या फॉस्फेटवर जातो. मग शेजारच्या टोकाचा ३-प्राइम हायड्रॉक्सिल त्या फॉस्फेटला येऊन भिडतो, एएमपी सुटतो आणि सांधा बसतो. या सगळ्याला मॅग्नेशियम हवं. एटीपी, मॅग्नेशियम, फॉस्फेट, हायड्रॉक्सिल. यातलं एक जरी नसेल तरी १६ अंशांवर रात्रभर ठेवा नाहीतर आठवडाभर, काहीही जुळणार नाही.

एकाच बफरवर अख्खी लॅब

ही चूक पाहिली की माझा संताप होतो, कारण ती टाळायला दहा मिनिटं पुरतात. लायगेजच्या दहापट बफरमध्ये (एन्झाइमला लागणारं द्रावण, दहापट घट्ट) साधारण १० मिलिमोलर एटीपी असतो. ट्यूब वितळवली, बाकावर तासभर राहिली, पुन्हा गोठवली, असं वीसेक वेळा झालं की त्यातल्या एटीपीचा भरवसा उरत नाही. बाहेरून मात्र बफर तसाच स्वच्छ दिसतो.

आमच्याकडे एका मुलीचे यात सहा आठवडे गेले. कापलेला व्हेक्टर (नवा तुकडा वाहून नेणारं गोल डीएनए, म्हणजे प्लाझ्मिड) चांगला, इन्सर्ट (त्यात घालायचा तुकडा) चांगला, न कापलेल्या प्लाझ्मिडच्या प्लेटवर कॉलन्यांचा सडा, आणि लायगेशनच्या प्लेटवर शून्य. तिने नवं लायगेज मागवलं, ते यायला पंधरा दिवस लागले, तरी पुन्हा शून्य. नव्या एन्झाइमबरोबर बफरही आला होता, पण "जुना अजून शिल्लक आहे" म्हणून तिने जुनाच वापरला. फ्रीजरच्या दारात पडलेल्या त्या ट्यूबवरची शाईसुद्धा पुसली गेली होती.

शेवटी मी तिला लॅम्डा डीएनएचा हिंड-थ्री लॅडर (हिंड-थ्री एन्झाइमने कापलेले ठरावीक लांबीचे तुकडे) घ्यायला लावला. एका ट्यूबमध्ये लॅडर, लायगेज आणि जुना बफर. दुसरीत तेच सगळं, वर ताजा एटीपी, शेवटी १ मिलिमोलर होईल इतका. खोलीच्या तापमानाला तासभर ठेवून दोन्ही जेलवर चालवले (त्यात लहान तुकडे खाली धावतात, मोठे वर राहतात). पहिल्या लेनमध्ये पट्टे होते तिथेच, २.३ आणि २.० किलोबेसची जोडी अगदी स्पष्ट. दुसऱ्या लेनमध्ये खालचे पट्टे जवळजवळ गायब, सगळा डीएनए वर सरकलेला. ती जेलकडे बघत बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिला क्लोन (इन्सर्ट बसलेलं प्लाझ्मिड) मिळाला.

तेव्हापासून बफर आला की त्याच दिवशी मी २०-२० मायक्रोलिटरचे भाग करते, झाकणावर तारीख घालते. एक भाग एकदाच वितळवायचा, उरलेला फेकायचा. वितळल्यावर तळाशी पांढरा साका दिसला तर तो डीटीटी (एन्झाइम जपणारं, बफरमधलं रसायन) असतो, तो पूर्ण विरघळेपर्यंत व्होर्टेक्स करा (यंत्रावर जोरात घुसळा). झाकण उघडल्यावर त्याचा गंधकासारखा उग्र वास यायला हवा. वास नसेल तर तो बफर मी वापरत नाही. आणि व्होर्टेक्स फक्त बफर करायचा, एन्झाइम नाही.

फॉस्फेटचा हिशेब न करणं

व्हेक्टर स्वतःशीच जुळू नये म्हणून फॉस्फटेज (टोकांचे फॉस्फेट काढणारं एन्झाइम) लावतात, ते ठीकच आहे. पण पीसीआरने डीएनएच्या प्रती काढायला लागणारे साधे प्रायमर (छोटे तुकडे) ५-प्राइम टोकाला फॉस्फेट नसलेलेच येतात. म्हणजे ब्लंट (सपाट टोकांचा) पीसीआर तुकडा फॉस्फटेज लावलेल्या व्हेक्टरमध्ये घालायला गेलात तर चारही टोकांवर फॉस्फेट नाही, आणि लायगेजकडे धरायला काहीच नाही. दरवर्षी कुणीतरी हे करतंच. का केलं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "दादाच्या वहीत असंच होतं." दादाने इन्सर्ट रिस्ट्रिक्शन एन्झाइमने (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या) कापला होता, आणि त्या कापात ५-प्राइम फॉस्फेट आपोआप राहतो. प्रोटोकॉल उतरवताना नेमकं हेच सुटतं.

माझी सवय अशी: पिपेट हातात घेण्याआधी वहीत दोन्ही तुकडे काढायचे आणि चारही टोकांवर "पी" किंवा "ओएच" लिहायचं. प्रत्येक सांध्यात एका तरी साखळीला फॉस्फेट हवा. दुसऱ्या साखळीतली फट, डीएनए ई. कोलाय जिवाणूच्या आत गेल्यावर, तो जिवाणू बुजवतो. फॉस्फेट नसेल तर टी-फोर कायनेजने लावून घ्या. आणि फॉस्फटेज नीट निष्क्रिय केल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर ते इन्सर्टचेही फॉस्फेट खाईल.

बाकीचं थोडक्यात

डीएनए टीई बफरमध्ये (ट्रिस अधिक ईडीटीए) असेल आणि भरपूर ओतलात, तर त्यातला ईडीटीए मॅग्नेशियम धरून बसतो. पाण्यात किंवा नुसत्या ट्रिसमध्ये काढा.

व्हेक्टर आणि इन्सर्टचं १:३ हे प्रमाण रेणूंचं असतं, नॅनोग्रॅमचं नव्हे. ३ किलोबेसचा व्हेक्टर ५० नॅनोग्रॅम घेतलात तर ६०० बेसचा इन्सर्ट ३० नॅनोग्रॅम पुरतो, १५० नाही.

जेलमधून पट्टा कापताना ३०२ नॅनोमीटरच्या यूव्हीवर फोटो काढत बसू नका, डीएनए खराब होतो. ३६५ वापरा, तेही काही सेकंदच.

पीईजी (रेणूंची दाटी करणारं रसायन) असलेला झटपट बफर वापरलात तर शेवटी ६५ अंशांवर तापवू नका, ट्रान्सफॉर्मेशन (डीएनए जिवाणूत घालणं) पडतं. पाच मिनिटांची ही किट्स वाईट नाहीत. पण सांधा कसा बसतो हे कळायच्या आत ज्यांना ती मिळतात, त्यांना किट फसल्यावर पुढे काय करायचं हे सुचतच नाही.

कंट्रोल प्लेटा वाचवू नका. कापलेला व्हेक्टर लायगेजशिवाय, कापलेला व्हेक्टर लायगेजसह, आणि न कापलेलं प्लाझ्मिड. पहिलीवर कॉलन्या भरपूर असतील तर व्हेक्टर नीट कापलाच गेला नाही. फक्त दुसरीवर वाढल्या तर तो स्वतःशी जुळतोय. तिसरी रिकामी असेल तर पेशी गेल्या आहेत, लायगेशनकडे वळूच नका. माझ्याकडे येताना या तीन प्लेटा बरोबर आणा.