हॉर्न बेस घरी बनवताय? रंग मारायच्या आधी अगरबत्ती लावा

सोलापुरात गड्ड्याची जत्रा झाली की जयंतीच्या मिरवणुकीसाठी नवीन हॉर्न बेस (आत भोंग्यासारखी वाट असलेला बेस स्पीकरचा लाकडी डबा) ठोकायला घेणारे बरेच जण असतात, त्यांच्यासाठी सांगतो. हॉर्नचा बेस पडला की लोक आधी स्पीकरला नाहीतर अँपला शिव्या घालतात पण बऱ्याचदा चोर असतो जॉइंट, तिथून हवा गळते. मी पहिला डबा केला तेव्हा आतली एक तिरकी प्लायची फळी अर्धा सूत कमी कापली गेली, म्हटलं फेविकॉल भरून घेईल, कसलं काय, वाजवला की कोपऱ्यातून फुसफुस.

आता काय करतो, स्पीकर बसवला की मोबाईलवरून ४० हर्ट्झचा टोन अगदी कमी आवाजात सोडतो, पंखा बंद, आणि अगरबत्ती हळूहळू प्रत्येक सांध्यावरून, हँडलवरून, वायरच्या सॉकेटवरून फिरवतो. जिथं धूर थरथरतो तिथं लीक. तिथं पीयू (पॉलियुरेथेन) ग्लू किंवा सिलिकॉन भरायचं, मागच्या झाकणाला फोमची पट्टी लावायचीच. प्लाय १८ एमएमच घ्या, पातळ घेऊन वाचवलेले पैसे नंतर खडखडाटात जातात.

अजून एक, ४० हर्ट्झला ट्यून केलेल्या हॉर्नला प्रोसेसरमधून (अँपच्या आधी आवाज गाळणारं मशीन) साधारण ३५ हर्ट्झवर २४ डीबी प्रति ऑक्टेव्हचा हाय-पास, म्हणजे त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर, लावाच. त्याखाली स्पीकरच्या कोनला हवेचा आधार राहत नाही, तो नुसता मोकळा नाचतो आणि त्याच्या मागची कॉइल ठोकते. आणि डबे लांब लांब ठेवू नका, चार असतील तर चारही एकाला एक चिकटवून ठेवा, बेस जास्त खोल जातो.