रीइंडेक्सच्या रात्रीआधीची तयारी

इंडेक्स, म्हणजे डेटाबेसमधली ओळ चटकन शोधायची सूची, बिघडला की तक्रार सरळ कधी येत नाही. सोसायटीच्या ऑफिसातून फोन येतो की बी-११ वाल्या काकूंकडे मेंटेनन्सची पावती आहे, पण फ्लॅट नंबर टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही, आणि अख्खी यादी काढली तर त्याच काकू यादीत दिसतात. त्याच आठवड्यात सर्व्हरही अधूनमधून कोसळत असतो. मग टीममधलं कोणीतरी म्हणतंच, "शनिवारी रात्री रीइंडेक्स मारून टाकू." रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं, मारायचाच आहे, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी काय काय हाताशी हवं ते पोस्टग्रेस हा डेटाबेस धरून लिहितो.

पहिलं काम कॉपीचं. सर्व्हर थांबवून डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी, पीजी_वॉल (बदलांची आगाऊ नोंदवही, म्हणजे वॉल, जिथे असते तो फोल्डर) आणि वेगळ्या डिस्कवरच्या टेबलस्पेससकट, दुसऱ्या डिस्कवर उचलायची. थांबवणं शक्यच नसेल तर सगळ्या व्हॉल्यूमचा एकाच क्षणी स्नॅपशॉट. "पीजी_डंप आहे की" हे उत्तर इथे चालत नाही, कारण डेटा बाहेर काढून लिहिलेल्या त्या डंपमध्ये इंडेक्सची फक्त व्याख्या असते, बिघडलेली पानं नसतात. म्हणजे पुरावाच गेला. त्याच दिवशी जुने बॅकअप आपोआप पुसणारा क्रॉन (ठरल्या वेळी चालणारं काम) बंद करायचा. बिघाड कधीपासूनचा आहे हे कळेपर्यंत शेवटचा चांगला बॅकअप पुसला गेला तर कोणाकडे बघायचं?

मग लॉग. पोस्टग्रेसचा एक बॅकएंड (एका कनेक्शनचं काम बघणारा प्रोसेस) अवेळी मेला की मुख्य प्रोसेस बाकी सगळ्यांना घरी पाठवते आणि शेअर्ड मेमरी नव्याने मांडते. म्हणून अ‍ॅपवाल्यांना "सगळंच पडलं" असं वाटतं. आपल्याला हवी असते ती पहिली ओळ, कोणता प्रोसेस कोणत्या सिग्नलने गेला ती. सिग्नल ९ असेल तर बहुतेक वेळा मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणाऱ्या लिनक्सच्या ओओएम किलरने मारलेलं असतं, ते डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) दिसतं. अशा वेळी वर्क_मेम ही मेमरीची मर्यादा तपासा. ती मर्यादा कनेक्शनमागे नसते, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट आणि हॅशमागे असते, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसतं. सिग्नल ११ म्हणजे सेगफॉल्ट, भलत्या मेमरीला हात लावल्याची चूक. त्यासाठी कोअर डंप (मरतानाची मेमरीची प्रत) मिळेल अशी सोय आणि तो वाचायला लागणारे डीबग सिम्बॉल्स आधीच टाकून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळीही हात चोळत बसाल. सिग्नल ६ दिसला तर पोस्टग्रेसने स्वतःच पॅनिक करून मान टाकली. त्याच्या वरच्याच ओळीत कारण असतं. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या अपडेटपासून एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचवणं) फसलं तरी तो असाच थांबतो, आणि ते बरंच आहे.

लॉगची वेळ युटीसीत आहे की आपल्या घड्याळात, हेही बघून घ्या. साडेपाच तासांच्या फरकाने माणसं चुकीच्या घटनेमागे धावतात. मशीन ऑफिसातच असेल तर पुण्यात गुरुवार आठवायचा. दुरुस्तीसाठी वीज बंद, यूपीएसवरून जनरेटरवर जाणं, पुन्हा परत येणं. क्रॅशच्या वेळा गुरुवारच्या आसपास जमल्या तर अर्धं उत्तर बॅटरीत असतं.

पण कोसळणं आणि इंडेक्स बिघडणं ही एकाच रोगाची दोन लक्षणं आहेत असं धरून चालू नका. नुसत्या क्रॅशने इंडेक्स बिघडत नाही. वॉलमधून तो पुन्हा नीट उभा राहतो. कोणीतरी मोठं लोडिंग लवकर उरकावं म्हणून एफसिंक बंद करून ठेवलं असेल, डिस्क किंवा अनेक डिस्क जोडणारं रेड कार्ड "लिहिलं" असं खोटंच सांगत असेल, किंवा रॅम खराब असेल, तर गोष्ट वेगळी. डिस्कच्या तब्येतीचा (स्मार्टसीटीएल) आणि रॅमच्या ईसीसी चुकांचा अहवाल काढा, पान बिघडलं की ओळखणारे डेटा चेकसम चालू आहेत का बघा. जुन्या क्लस्टरवर (पोस्टग्रेसच्या एका पूर्ण डेटा डिरेक्टरीवर) ते बहुधा बंदच असतात. आवृत्ती १८ पासून नवीन क्लस्टरला ते आपोआप चालू होतात.

आता खरा संशयित. काकूंच्या फ्लॅट नंबरमध्ये आडवी रेघ आहे, इकडे लक्ष द्या. लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांची क्रमवारी बरीच बदलली. आधी आडवी रेघ जवळजवळ विचारातच घेतली जात नव्हती, आता घेतली जाते. उबुंटू १८.०४ वरून २०.०४, डेबियन ९ वरून १०, रेड हॅट ७ वरून ८ अशी उडी मारली असेल, तर टेक्स्ट कॉलमवरचा बी-ट्री (नेहमीचा, क्रमाने लावलेला इंडेक्स) जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने, असं होतं. एका शब्दकोशात क्ष अगदी शेवटी, ळ नंतर येतो आणि दुसऱ्यात क मध्येच. पहिला कोश दुसऱ्याच्या सवयीने चाळला तर छापलेला शब्दही सापडत नाही. आकडे आणि यूयूआयडीवरचे इंडेक्स यातून सुटतात, सी कोलेशनवालेही, म्हणजे अक्षरं नुसत्या बाइटच्या क्रमाने लावणारे.

चाचणी सोपी आहे. एका ओळीत १-१, दुसरीत ११, दोन्ही इंग्रजी आकड्यांत, आणि लोकेल (भाषेची सेटिंग) इंग्रजी यूटीएफ-८ ठेवून सॉर्ट या कमांडला द्या. आधी ११ आलं तर ग्लिबसी जुनी, आधी १-१ आलं तर नवी. ही चाचणी प्रायमरीवर (मुख्य सर्व्हरवर) करा आणि प्रत्येक रेप्लिकावरही (त्याच्या सतत जुळवल्या जाणाऱ्या प्रतीवरही). घोळ बहुतेक वेळा असा होतो की नवं मशीन नव्या ओएसवर रेप्लिका म्हणून जोडलं जातं, इंडेक्स बाइट न् बाइट तसाच तिकडे जातो, आणि मग एका रात्री फेलओव्हर होतो, रेप्लिकाच मुख्य बनते. इथे चेकसम काहीच बोलत नाहीत, कारण पान शाबूत असतं, फक्त क्रम चुकलेला असतो. कोलेशनची आवृत्ती जुळत नाही असा इशारा लॉगमध्ये येत असेल तर तो रिफ्रेश मारून (नोंदलेली आवृत्ती बदलून) गप्प करू नका. ते रीइंडेक्सनंतर.

आवृत्तीचा शेवटचा आकडाही वहीत लिहा. १४.० ते १४.३ मध्ये कन्करंटली, म्हणजे लिहिणं चालू ठेवून, बांधलेला इंडेक्सच बिघडू शकत होता. दुरुस्ती जून २०२२ मध्ये १४.४ ला आली. त्या आवृत्तीवर बसून रीइंडेक्स कन्करंटली चालवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

बिघडलेल्या इंडेक्सची यादी अंदाजाने करायची नाही, अ‍ॅमचेक या पोस्टग्रेसच्या तपासणीच्या एक्स्टेंशनने करायची. बीटी_इंडेक्स_चेक हलकं कुलूप घेतं, दिवसाही चालतं. पॅरेंट चेक मात्र लिहिणं अडवतं, ते रात्रीसाठी. टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का हे पाहणारा हीपऑलइंडेक्स्डचा पर्याय चालू ठेवा, वेळ लागला तरी. कॉपीवर तपासणार असाल तर त्या मशीनची ग्लिबसी प्रॉडक्शनइतकीच हवी, नाहीतर भलतीच यादी हाती येईल. आणि टेबलच बिघडलं असेल तर रीइंडेक्सने काहीच साधणार नाही, म्हणून १४ पासून मिळणारं हीपचं, म्हणजे मूळ टेबलाचं, तपासणं आधी उरकून घ्या.

सर्वात डोकेदुखी युनिक इंडेक्सची, एकच किंमत दोनदा येऊ न देणाऱ्याची. तो बिघडलेला असताना पहारेकरी झोपलेला असतो. बी-११ ची दुसरी ओळ बिनबोभाट आत शिरलेली असते. मग रीइंडेक्स अर्ध्यात थांबतो आणि डुप्लिकेट की म्हणून ओरडतो. त्या ओळी आधीच शोधा, पण इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन हे तिन्ही त्या सेशनपुरते बंद करून, नाहीतर बिघडलेला इंडेक्सच तुम्हाला उत्तर देईल. दोनपैकी कोणती ओळ ठेवायची, हा प्रश्न डीबीएचा नाही. एका ओळीवर मेच्या पावत्या, दुसरीवर जूनच्या, असं निघतं. हिशेब बघणाऱ्या माणसाकडून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लेखी उत्तर घ्या. रात्री दोनला त्यांना फोन लावण्यात अर्थ नाही. फॉरेन कीची (एका टेबलातली ओळ दुसऱ्यातल्या ओळीशी जोडणाऱ्या नियमाची) तपासणीही इंडेक्सवरूनच होते, तेव्हा जोड हरवलेल्या पोरक्या ओळीही त्याच वेळी पाहा.

तारीख महिन्याच्या १ ते १० मधली नको, तेव्हा बिलं भरली जातात. सर्व्हर हिंजवडीत आणि तुम्ही कोथरूडला असाल तर रात्रीच्या प्रवेशाची परवानगी आधी काढा. ऑफिस पेठेत असेल तर विसर्जनाचा शनिवार विसराच.

डिस्कवर सर्वात मोठ्या इंडेक्सइतकी जागा रिकामी हवीच, कारण कन्करंटली जुन्याशेजारी नवा बांधतं. सॉर्टच्या तात्पुरत्या फायली आणि वॉल वेगळे. रेप्लिका मागे पडली आणि तिच्यासाठी वॉल राखून ठेवणाऱ्या स्लॉटने तो अडवून धरला तर डिस्क भरते, आणि रात्रभर वेगळंच काम लागतं. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतीच पडलेली (आयडल इन ट्रान्झॅक्शन) सेशन्स आधी संपवा, त्यांच्यासाठी रीइंडेक्स ताटकळत बसतो. मध्येच फसला तर सीसीन्यू शेपटीचा अवैध इंडेक्स मागे राहतो; तो काढून पुन्हा सुरुवात. पीजी_रीसेटवॉल (वॉल पुसून टाकणारं) आणि झिरो_डॅमेज्ड_पेजेस (बिघडलेली पानं शून्य करणारं) यांना फक्त कॉपीवर हात लावायचा, तोही बाकी सगळं थकल्यावर.

सकाळी अ‍ॅमचेक पुन्हा चालवा, कोलेशन रिफ्रेश करा, बी-११ हाताने शोधून बघा. शनिवारची कॉपी पुढच्या महिन्याची बिलं जुळेपर्यंत ठेवा.