कॉर्नवॉलमध्ये सर्फिंगला जाताय? वेटसूट घेताना या चुका टाळा

वेटसूट, म्हणजे गार पाण्यात अंग ऊबदार ठेवणारा घट्ट रबरी सूट, निवडताना लोक हवामानाचं ॲप बघतात, आणि निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात. अंगात घालायचा असतो तो पाण्यासाठी, उन्हासाठी नाही.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या न्यूकी गावाच्या आसपास, समुद्र सगळ्यात गार असतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, साधारण ९ ते १० अंश सेल्सिअस. सगळ्यात ऊबदार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, १६ ते १८. पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं, त्यामुळे समुद्र ऋतूच्या दीड-दोन महिने मागे चालतो. मेच्या सुट्टीत लंडनहून गाडी भरून निघालेल्या आपल्या मंडळींना न्यूकीच्या फिस्ट्रल किनाऱ्याच्या वाळूवर टी-शर्टात ऊन खाता येतं, पण पाणी असतं जेमतेम १२ अंशांचं. उलट ऑक्टोबरात किनाऱ्यावर जॅकेट लागतं आणि पाणी १५ च्या आसपास असतं. माझं मत विचाराल तर नवशिक्याने मे सोडून सप्टेंबर धरावा.

गोवा-मालवणची सवय असलेल्यांची आणखी एक गंमत. तिकडे पाणी २६-३० अंशांचं, नुसत्या रॅश व्हेस्टवर (पाण्यात घालायच्या पातळ, घट्ट टी-शर्टवर) भागतं. त्या हिशेबाने इथे अर्ध्या बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा शॉर्टी घेतला जातो, बहुतेक वेळा मुलांसाठी. मुलंच सगळ्यात आधी गारठतात. त्यांना पूर्ण सूटच घ्या.

जाडीचे आकडे मिलिमीटरमध्ये असतात: पहिला छाती-पाठीचा, दुसरा हातपायांचा. इथे भर उन्हाळ्यात ३/२ चालतो, वसंतात आणि शरदात ४/३, डिसेंबर ते एप्रिल ५/४ आणि जोडीला बूट, हातमोजे, हुड. "सरळ ५/४ च घेऊ, वर्षभर चालेल" हाही हिशेब चुकतो. ऑगस्टमध्ये त्यात घामाघूम व्हाल आणि हात मारून मारून खांदे भरून येतील. एकच घ्यायचा तर ४/३.

पण जाडीपेक्षा माप महत्त्वाचं, आणि दुकानात नेमकं तेच घाईत उरकलं जातं. ऊब धरून ठेवतात निओप्रीनमधले, म्हणजे सुटाच्या फेसाळ रबरातले, हवेचे बारीक बुडबुडे. सूट ढिला असला की प्रत्येक लाटेला आत गार पाणी शिरतं आणि अंगाजवळचं कोमट पाणी बाहेर जातं. मग ५ मिलिमीटरही फुकट. घालून उकिडवं बसा, दोन्ही हात वर करा. कमरेच्या खोलगट भागात, बगलेत किंवा जांघेत चिमटीत धरता येईल इतका घोळ राहिला तर एक माप कमी घ्या. कोरड्यात जरा आवळल्यासारखं वाटणारच, पाण्यात तो थोडा सैलावतो. मात्र श्वास पूर्ण घेता आला पाहिजे. पाय घुसत नसेल तर पावलावर प्लास्टिकची पिशवी चढवा, सर्रकन जातो. नखांनी ओढू नका, निओप्रीनवर चंद्रकोरीसारखे काप पडतात.

पाण्यात उतरल्यावर पाठीवरून गार ओघळ येत असेल तर गळा सैल आहे, किंवा पाठीच्या चेनची पट्टी नीट बसलेली नाही. छातीवर चेन असलेल्या सुटात हा त्रास कमी. सगळ्या शिवणींतून पाणी झिरपत असेल तर शिवण सपाट, आरपार टाक्यांची असणार. ती उन्हाळी सुटाला ठीक. थंडीसाठी चिकटवून आतल्या आत शिवलेलीच बघा. ट्रायथलॉनचा सूट स्वस्तात मिळाला म्हणून उचलू नका, तो पोहण्यासाठी असतो आणि बोर्डवर घासून लवकर फाटतो.

१५ अंशांखालच्या पाण्यात एकदम उडी मारली की धाप लागते, तेव्हा सावकाश उतरा. करंगळी बाकीच्या बोटांना चिकटेनाशी झाली की बाहेर या, "शेवटची एक लाट" नको.

आल्यावर सूट गोड्या पाण्यात खळबळवा, उलटा करून सावलीत, कमरेवर दुमडून वाळत घाला. खांद्यांवर टांगलात तर पाण्याच्या वजनाने तो ताणतो. वॉशिंग मशीन आणि हीटरपासून लांब ठेवा.