जेसीबी यायच्या आधी: पाड्याने करायची तयारी

पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर आलं, बुलेट ट्रेन आली आणि डहाणू-विक्रमगडकडच्या माळालाही भाव आला. भाव आला की दलाल येतोच. आदिवासीची जमीन प्रत्यक्षात बळकावली जाते ती शेवटी. कागदावर ती कधीच गेलेली असते. म्हणून तयारी कागदापासून करायची, आणि एकेका घराने नाही, सगळ्या पाड्याने मिळून.

आधी प्रत्येक घराचा ताजा सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. सातबारा ऑनलाइन मिळतो. जुने फेरफार ऑनलाइन सापडले नाहीत तर नकलांसाठी तहसीलला अर्ज करा, आणि तो आजच करा. उताऱ्यावर खातेदार कोण ते बघा, मग ‘इतर अधिकार’ या रकान्यात कलम ३६ आणि ३६अ च्या बंधनाची नोंद आहे का ते बघा. जमीन महसूल संहितेत १९७४ साली आलेल्या ३६अ प्रमाणे कलेक्टरच्या पूर्वमंजुरीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, मग ती विक्री असो, बक्षीस असो, गहाण असो की भाडेपट्टा. शेरा नसला तरी बंधन असतंच, पण शेरा नसला की व्यवहार पुढे सरकवणं सोपं जातं. तो गायब दिसला तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या.

सगळ्यात जास्त वेळ वारस नोंदीला द्या. आजोबा जाऊन वर्षं लोटतात, सातबाऱ्यावर नाव मात्र त्यांचंच राहतं. दलाल नेमकं असंच खातं हेरतो. दूरच्या गावात दिलेली आत्या, कामाला बाहेर गेलेला चुलता, यांना तो आपल्या आधी गाठतो आणि सह्या घेतो. तेव्हा मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घेऊन नोंद करून टाका. विधवा सुनेचं, लग्न झालेल्या मुलीचं नाव गाळू नका. गाळलेलं माणूस दुखावतं, आणि त्याचा फायदा बाहेरचा घेतो.

मग घरोघर बसून फसवणुकीच्या रीती समजावून सांगा. विसार पावती, कुलमुखत्यारपत्र, कोऱ्या स्टॅम्पपेपरवरचा अंगठा या जुन्या झाल्या. हल्ली पैसा बाहेरच्याचा आणि खरेदीखत त्याच्याकडे कामाला असलेल्या दुसऱ्या आदिवासीच्या नावाने, असंही चालतं. रेशन सुरू करून देतो, घरकुल मंजूर करतो म्हणून आधारची झेरॉक्स मागतात. ती द्यावीच लागली तर झेरॉक्सवर आडवं लिहा, ‘फक्त रेशनकार्डासाठी’, खाली तारीख घाला, मग सही. आपल्या म्हाताऱ्या माणसांना न वाचलेल्या कागदावर अंगठा उमटवायला लावणं ही लूट आहे, आणि ती थांबवणं शिकलेल्या पोरांच्याच हातात आहे.

‘आपली चावडी’ म्हणजे महसूल खात्याची ऑनलाइन नोटीस-पाटी, ती बघत राहायचं काम पाड्यातल्या एका मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवा. फेरफाराची नोटीस तिथे लागते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत लेखीच द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसली तर अर्ज दिलाच नव्हता असं म्हणायला साहेब मोकळे. फेरफार मंजूर होऊन गेला असेल तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, मुदत ६० दिवस.

वनपट्ट्याचं वेगळं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. वनखात्याच्या दंडाच्या पावत्या, जुनी घरं, बांध, स्मशानाची जागा, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हे सगळं पुराव्यात धरतात. दाव्याची पोच जपून ठेवा, कारण कलम ४(५) प्रमाणे दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. दावा फेटाळला तर तो निर्णय लेखी मागा. अपिलाला इथेही ६० दिवसच आहेत.

ग्रामसभेचं ठराव पुस्तक जागेवर आहे ना, तेही बघा. मोठ्या ग्रुप ग्रामपंचायतीत पाड्याचा आवाज बुडत असेल तर पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, २०१४ च्या राज्य नियमांप्रमाणे पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं.

आणि मशीन बांधावर उभं राहिलंच, तर हात उचलू नका. गुन्हा आपल्यावरच दाखल होतो आणि मूळ प्रकरण बाजूला पडतं. लेखी आदेश दाखवा म्हणा. गाडीचा नंबर, माणसं, पाडलेला बांध यांचं चित्रीकरण करा. तलाठ्याला पंचनाम्यासाठी लेखी कळवा आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. आदिवासीची जमीन बेकायदा बळकावणं आणि त्याला ताब्यातून हुसकावणं हा ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(च) व (छ) खाली गुन्हा आहे. तपास किमान डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, हे ठाण्यात स्पष्ट सांगा. ॲट्रॉसिटीची हेल्पलाइन १४५६६. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जमातीच्या माणसाला वकील मोफत मिळतो, मिळकत कितीही असो. तिथला नंबर १५१००. हे दोन्ही नंबर शाळेच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून घ्या, कारण ऐनवेळी मोबाइलला रेंज असली तरी नंबर कोणाला आठवत नाही.