माळ्यावरची औषधाची बाटली कशी वाचायची

बेळगावात शहापूर, वडगाव, खडेबाजार भागात जुनं घर पाडायला घेतलं की माळ्यावरून आणि परड्यातून गोटी सोड्याच्या जाड बाटल्या निघतात, आणि त्यांच्यासोबत औषधाच्या. निपाणी, चिकोडी, खानापूरकडेही तेच. भंगारवाला दोन्ही किलोवर घेतो. पण औषधाची बाटली विकण्याआधी नीट वाचली तर ती कुठल्या काळातली, कुणाची आणि आत काय होतं, हे बऱ्यापैकी ठरवता येतं. वाचायचा क्रम असा: आधी काच, मग पत्ता, मग किंमत, मग मजकूर. आतला ऐवज सगळ्यांत शेवटी, आणि तोही बाहेरूनच.

पहिला नियम: बूच उघडू नका, वास घेऊ नका, चाखणं तर दूरच. त्या काळातल्या विलायती खोकल्याच्या आणि पोटदुखीच्या औषधांत अफू सर्रास असे. फाउलर्स सोल्युशनमध्ये सोमल होतं. कॅलोमेल आणि 'ब्ल्यू पिल' पाऱ्याच्या. क्लोरोफॉर्म उजेडात विघटन पावून फॉस्जीन हा विषारी वायू होतो. जुन्या ईथरमध्ये पेरॉक्साइड साठतात आणि झाकण फिरवण्यानेही स्फोट होऊ शकतो. पिक्रिक ॲसिड सुकलं की तेच भय. म्हणून द्रव किंवा पूड असलेली बाटली खळखळवू नका. उभीच ठेवून वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या डब्यात बसवा, वर तारीख लिहा आणि जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाला विचारा. मोरीत ओतायचं नाही. अफूचं औषध नुसतं जवळ ठेवणंही कायद्याच्या कचाट्यात सापडण्यासारखं आहे, तेव्हा 'संग्रहासाठी भरलेली हवी' हा हट्ट सोडावा. रिकामी बाटलीही तेवढीच वाचता येते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: बाटलीवर जे लिहिलंय तेच आत असेल असं नाही. काच महाग होती. औषध संपलं की त्याच बाटलीत एरंडेल, रॉकेल, अत्तर, फिनेल, काहीही भरत. शिवाय अस्सल रिकामी बाटली विकत घेऊन तीत नकली माल भरणारेही होते.

काच

बाटली उन्हाकडे तिरपी धरा. बाजूने साच्याची जोडरेघ वर चढत जाते, ती कुठे थांबते ते पाहा. मानेवर थांबून ओठ गुळगुळीत असेल तर ओठ हाताने घडवलेला. रेघ ओठावरून पलीकडे जात असेल तर बाटली पूर्ण यंत्रावरची, म्हणजे १९०३ नंतरची. त्या सुमारास ओवेन्सचं यंत्र आलं. इथे पुष्कळजण फसतात: ओठाखाली थांबलेली रेघ म्हणजे व्हिक्टोरियन, असा उलटा निष्कर्ष निघत नाही. हातकाम त्यानंतरही बरीच वर्षं चालू होतं. बुडाला मध्ये खरबरीत, फुटल्यासारखा वण असेल तर ती साधारण १८६० च्या दशकाआधीची धरायला हरकत नाही.

निळीभोर किंवा गर्द हिरवी, अंगावर उभ्या धारा असलेली, षटकोनी किंवा अष्टकोनी बाटली विषाची. रात्री कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात हाताला खरखर लागावी म्हणून ती तशी करत. बहुतेकींवर 'नॉट टू बी टेकन' अशी उठावाची अक्षरं असतात. उठाव वाचता येत नसेल तर त्यावर थोडी टाल्कम पावडर पुसा आणि वरची कोरड्या फडक्याने टिपा. खाचांत राहिलेली पावडर अक्षरं दाखवते. तांदळाची पिठी वापरली तर किडे लागतात आणि रांगोळीने काच ओरखडते, म्हणून ती दोन्ही नकोत. अक्षरांच्या जवळ खेळायच्या पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची, कोपऱ्यांत अक्षरं असलेली खूण दिसली तर ती १८४२ ते १८८३ मधली ब्रिटिश डिझाइन-नोंदणी. त्याऐवजी 'आर.डी. नंबर' आणि आकडा असेल तर १८८४ किंवा त्यानंतरची.

माप घ्यायला बाटलीत खांद्यापर्यंत पाणी भरून ते मिलीलीटरच्या भांड्यात ओता. (रिकामी, धुतलेली बाटलीच.) ब्रिटिश औंस २८.४ मिलि, म्हणजे ४ औंसाची ११४, ६ औंसाची १७०, ८ औंसाची २२७ मिलि भरते. अमेरिकन औंस २९.६ चा असल्याने त्यांची ८ औंसाची बाटली २३७ च्या आसपास जाते. एवढ्या फरकावरून परदेश कुठला ते कळतं.

पत्ता: या भागात सगळ्यांत कामाचा

सीमाभागातल्या लेबलांचा फायदा असा की आपलं गाव हललं नाही, पण त्यावरचं राज्य बदलत गेलं. लेबलावर 'मुंबई इलाखा' असेल तर १९४७ च्या आधीचं. 'मुंबई राज्य' असेल तर १९५० ते १९५६. 'म्हैसूर राज्य' असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते १९७३. 'कर्नाटक' त्यानंतरचं, आणि 'बेळगावी' हे अधिकृत नाव २०१४ पासूनचं. 'चंदगड, जि. बेळगाव' असं छापलेलं लेबल १९५६ च्या अलीकडचं असूच शकत नाही, कारण राज्यपुनर्रचनेत चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. 'शहापूर, संस्थान सांगली' दिसलं तर १९४८ पूर्वीचं, कारण शहापूर तोवर सांगलीकरांचं होतं.

मालाच्या खोक्यावर किंवा पार्सलच्या चिठ्ठीवर रेल्वेचं नाव असतं, तेही वाचा. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे बेळगावला आली. १९०८ पासून ती 'मद्रास अँड सदर्न मराठा' झाली, आणि १९५१ पासून 'दक्षिण रेल्वे'. रेल्वेआधीचा माल मुंबईहून बोटीने वेंगुर्ल्याला उतरून घाट चढून बैलगाड्यांनी कॅम्पात यायचा. सहा आकडी पिन १९७२ नंतरचा आणि 'नये पैसे' १९५७ नंतरचे, म्हणून त्यातलं काही दिसलं तर कितीही जुनाट कागद असला तरी व्हिक्टोरियाला नमस्कार करून तो बाजूला ठेवा. एक सावधगिरी: छापलेली लेबलं संपेपर्यंत वापरत, म्हणून माल लेबलापेक्षा चार-दोन वर्षं नवा असू शकतो, जुना नाही.

विलायती नावांचेही पत्ते असेच बोलतात. लंडनच्या हॉलोवे या औषधविक्रेत्याच्या गोळ्या आणि मलमाचा पत्ता '२४४, स्ट्रँड' असेल तर माल १८६७ च्या आधीचा. त्या वर्षी दुकान '५३३, ऑक्सफर्ड स्ट्रीट'ला हललं. त्याच जागेला पुढे '७८, न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट' असा क्रमांक मिळाला. हॉलोवेने वापराच्या सूचना हिंदुस्थानातल्या देशी भाषांतही छापून पाठवल्या, तेव्हा देशी अक्षरं दिसली म्हणून तो माल इथलाच असं समजू नका.

क्लोरोडाइन: एकाच बाटलीत पूर्ण धडा

या भागात सापडायला सगळ्यांत उत्सुकतेची बाटली कोलिस ब्राउनच्या क्लोरोडाइनची. जॉन कोलिस ब्राउन हा हिंदुस्थानातल्या ब्रिटिश लष्करातला डॉक्टर. त्याने १८४८ मध्ये पटकीवर म्हणून हे मिश्रण काढलं आणि १८५६ मध्ये जे. टी. डेव्हनपोर्ट या औषधविक्रेत्याला हक्क दिले. आत अफूचा अर्क, गांज्याचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. पटकीचा जंतू यातल्या कशानेही मरत नाही. अफू आतड्यांची हालचाल मंद करते आणि कळ थांबवते, म्हणून रोग्याला बरं वाटायचं.

वेष्टनावर 'व्हाइस-चान्सलर पेज वुड यांनी न्यायालयात सांगितलं' अशी ओळ असेल तर बाटली १८६४ नंतरची. (हा व्हाइस-चान्सलर म्हणजे विद्यापीठाचा कुलगुरू नव्हे, न्यायाधीश.) फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या खटल्याचा तो हवाला. तीच ओळ त्यांनी पुढे वर्षानुवर्षे मिरवली. 'पॉयझन' शब्द असेल तर १८९२ नंतरची, कारण त्या वर्षी खटला झाला आणि पेटंट औषध म्हणून विषाची खूण टाळण्याची सूट गेली. बाटली तशीच ठेवली तर जड भाग खाली बसतो. पहिले डोस सौम्य आणि तळाचे जहाल, यानेही माणसं दगावली. अजून बुडाशी काळपट चिकटा दिसत असेल तर तो त्यातला सर्वांत तीव्र भाग.

किंमत

१ शिलिंग १½ पेनी ही विचित्र किंमत विलायती बाटल्यांवर वारंवार दिसते. त्यातला दीड पेनी हा स्टॅम्प कर. २ शिलिंग ९ पेनीत तीन पेनी कराचे, ४ शिलिंग ६ पेनीत सहा. 'गव्हर्न्मेंट स्टॅम्प' या शब्दांनी लोक दबत आणि सरकारची हमी समजत. ती फक्त कराची पावती होती. कर १९४१ मध्ये गेला. रुपयात हिशेब करायचा तर काळ लक्षात घ्या: रुपया २ शिलिंगचा धरला तर १ शिलिंग १½ पेनी म्हणजे ९ आणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुपया १ शिलिंग ४ पेनीवर ठरला तेव्हा तीच बाटली साडेतेरा आण्यांची. इथल्या दुकानदाराचा वाहतूक-खर्च आणि नफा वर.

'पेटंट' शब्दावरही फसू नका. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि या लोकांना ती झाकायची होती. म्हणून बहुतेकांनी पेटंट घेतलंच नाही, फक्त नाव आणि वेष्टन राखलं. ब्रिटनमध्ये बोधचिन्हाची नोंदणी १८७६ पासून सुरू झाली, तेव्हा 'रजिस्टर्ड ट्रेड मार्क' त्यानंतरचं. झाकलेल्या कृतीत काय होतं ते ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये पृथक्करण करून छापलं. 'डबीला एक गिनी मोलाच्या' बीचमच्या गोळ्यांत निघालं काय, तर काळा बोळ, सुंठ आणि साबण! बोळाने पोट साफ होतं आणि सुंठीने मुरडा कमी होतो. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने हे बटव्यातून फुकट दिलं असतं.

कंपाउंडरची बाटली

उठाव नाही, एका बाजूला चपटी, आणि उभ्या कागदी पट्टीला कात्रीने खाचा पाडून चिकटवलेली: ही डॉक्टरच्या चिठ्ठीवरून भरलेली. एक खाच म्हणजे एक डोस. ८ औंसाच्या बाटलीवर आठ खाचा असतील तर डोस एक औंस, सोळा असतील तर अर्धा. घरात चिठ्ठीही सापडली तर ती अशी वाचा. देवनागरी '३' सारखी खूण म्हणजे ड्राम, तिलाच डोक्यावर आणखी एक वळण असेल तर औंस. आकडे रोमन, शेवटच्या रेघेला शेपूट. दोन 'एस' जोडून म्हणजे अर्धा. 'टी.डी.एस.' दिवसातून तीनदा, 'पी.सी.' जेवल्यावर, 'एच.एस.' झोपताना. ६० मिनिम म्हणजे १ ड्राम, ८ ड्राम म्हणजे १ औंस. ग्रेन ६४.८ मिलिग्रॅम, आणि आपला तोळा १८० ग्रेनचा.

हिवतापाच्या चिठ्ठ्यांत क्विनाइनसोबत पातळ सल्फ्यूरिक ॲसिड दिसतं तेव्हा दचकू नका. क्विनाइन सल्फेट साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आम्लात विरघळतं. आम्ल विसरलं तर पूड बुडाशी बसे आणि रोगी सहा दिवस नुसतं पाणी पिऊन सातव्या दिवशी क्विनाइन खाई. याहून वाईट चूक म्हणजे स्ट्रिक्नीनच्या मिश्रणात ब्रोमाइड घालणं. त्यात स्ट्रिक्नीनचे खडे होऊन तळाला बसतात, आणि शेवटचा डोस जीव घेतो. म्हणून कंपाउंडरच्या बाटलीत तळाला पांढरे खडे दिसले तर तिला हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

धुणं आणि ठेवणं

कागदी लेबल असेल तर धुवूच नका. मऊ कोरड्या ब्रशाने वरून खाली झाडा. सुटलेल्या कोपऱ्याला सेलोटेप लावली की काही वर्षांत पिवळी पडते आणि शाई घेऊन निघते. लॅमिनेशन त्याहून वाईट. लेबल नसलेली, खात्रीने रिकामी बाटली हातमोजे घालून कोमट पाण्यात साबण घालून रात्रभर भिजवा. उकळतं पाणी ओतलं तर जुनी काच तडकते, कारण भिंत एकसारखी जाड नसते. आतला मळ निघत नसेल तर मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून गोल हलवा, मग ते तांदूळ फेकून द्या. वाळू नको, ओरखडे कायमचे. चुन्याचा पांढरा थर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन-तीन तासांत सुटतो. तरीही धुरकट राहिली तर ती घाण नव्हे. जमिनीतल्या ओलीने काचेतला क्षार ओढून घेतलाय, तो परत येत नाही. तेल चोळून चमकवलेली बाटली विकणारे असतात, फडक्याने पुसून पाहा.

खानापूरकडच्या पावसात कागदाला बुरशी आणि कसर चार महिन्यांत लागते. लेबलाच्या बाटल्या बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पुड्या जून आणि ऑगस्टमध्ये बदला. बूच काढून ठेवू नका, सुकून आकसलेलं बूच पुन्हा बसत नाही. कॅम्पातल्या जागेत बाटल्यांसाठी खणायला जाऊ नका, ती लष्कराची जमीन आहे. धुण्याआधी प्रत्येक बाटलीचे चार फोटो काढा: समोर, मागे, बूड आणि तोंड. सोबत एका चिठ्ठीवर ती कुठल्या गल्लीतल्या, कुठल्या खोलीतल्या माळ्यावर सापडली ते पेन्सिलीने लिहून बाटलीखाली ठेवा. बॉलपेनची शाई ओलीत पसरते.