दिवाडी बेटावर घर, पणजीत नोकरी करायची असेल तर
घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. सोमवारी सकाळी आठला जा, रायबंदरच्या फेरीबोटीत बसा, तेव्हा खरं चित्र दिसतं. दिवाडीला पूल नाही, मांडवी नदी ओलांडायची ती बोटीनेच, रायबंदर, जुनं गोवं नाहीतर नार्वेच्या धक्क्यावरून. पणजीला रोज जायचं असेल तर रायबंदरवाला धक्का सोयीचा, त्यामुळे घर त्या बाजूला मिळालं तर फार बरं.

नदी ओलांडायला वेळ लागत नाही हो, वेळ जातो तो समोरची बोट सुटायची वाट बघण्यात, म्हणून ऑफिसच्या वेळेत अर्धा तास जास्तीचा धराच. कार शक्यतो नकोच, स्कूटर घ्या, गर्दीतही जागा मिळते. ओहोटीला धक्क्याचा उतार लांब उघडा पडतो, खालचा भाग हिरवट आणि निसरडा असतो, तिथे हँडल सरळ ठेवा आणि पुढचा ब्रेक अजिबात दाबू नका, मी पहिल्याच पावसाळ्यात तिथे आडवी झाले, गुडघा महिनाभर दुखत होता.

रात्रीच्या शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर जाऊन स्वतः विचारा, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर मध्यरात्री दवाखान्यात कसं न्यायचं हे शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.

आधी भाड्याने राहा, एक पूर्ण पावसाळा काढा, मग विकत घ्यायचं बघा. मला तर संध्याकाळी बोटीतून शेतं दिसली की दिवसभराचा शीण जातो.