ड्रॉइंगवर राहिलं ते जॉबवर निघतं: पार्ट मशीनिंगला देताना या चुका टाळा

शाफ्ट आमच्या मशीन शॉपमधून गेला तेव्हा मायक्रोमीटर १९.९९० मिमी दाखवत होता. ड्रॉइंगवर २० जी६ (शाफ्टच्या मापाची ठरलेली हद्द), म्हणजे १९.९८० ते १९.९९३. जॉब मापात. दहा दिवसांनी फोन आला, "शाफ्ट होलमध्ये जातच नाहीये हो." होल मोजलं तर २०.००४, तेही एच७ मध्ये, म्हणजे होलसाठी ठरलेल्या हद्दीत, बरोबर. मग ड्रॉइंगच्या तळाशी बारीक अक्षरातली ओळ दिसली: झिंक प्लेटिंग, ८ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). प्लेटिंग ग्राहकाने परस्पर बाहेरून करून घेतलं होतं. थर सगळीकडून चढतो, त्यामुळे व्यास ८ नव्हे, १६ मायक्रॉनने वाढला आणि शाफ्ट २०.००६ झाला. लिहिलेली मापं प्लेटिंगच्या आधीची की नंतरची, हे त्यांनी लिहिलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट ही. प्लेटिंग, ॲनोडायझिंग, पावडर कोटिंग, काहीही असो, "सर्व मापं कोटिंगनंतरची" असं ड्रॉइंगवर स्वच्छ लिहा, किंवा कुठला भाग झाकून ठेवायचा ते दाखवा. आट्यांमध्ये हा घोळ आणखी वाढतो: नेहमीच्या ६० अंशांच्या आट्याचा पिच व्यास (आट्याच्या उंचीच्या साधारण मधोमध धरलेला व्यास) थराच्या चौपट बदलतो, म्हणजे ८ मायक्रॉनला ३२. ॲनोडायझिंगचा थर साधारण अर्धा धातूच्या आत जातो आणि अर्धा बाहेर येतो. ५० मायक्रॉनचं हार्ड ॲनोडायझिंग केलं की होलचा व्यास ५० मायक्रॉनच्या आसपास कमी होतो.

सगळीकडे ±०.०१

हे ड्रॉइंग आलं की आम्ही ओळखतो, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, विचार करून टाकलेला नाही. बेअरिंगच्या जागेला तो हवाच. पण बोल्ट सैल बसणाऱ्या होलला, बाहेरच्या रुंदीला कशाला? आयएसओ २७६८ या सर्वसाधारण टॉलरन्सच्या मानकाच्या मीडियम वर्गात ३० ते १२० मिमीच्या मापाला ±०.३ चालतं, आणि बऱ्याच पार्टांच्या बऱ्याच मापांना तेवढं पुरतं. फिटिंगची दोन-तीन मापं वेगळी लिहा, बाकीचं त्या वर्गावर सोडा.

घट्ट टॉलरन्स म्हणजे नुसता मशीनचा प्रश्न नाही. रफिंगनंतर (जास्तीचा धातू भराभर काढल्यावर) जॉब गार होऊ द्यावा लागतो, फिनिशिंगचा कट वेगळा घ्यावा लागतो. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. २०० मिमी लांबीचा ॲल्युमिनियमचा जॉब त्याहून १५ अंश गरम असताना मोजला तर जवळजवळ ०.०७ मिमी मोठा दिसतो. मशीनवर मापात असलेला जॉब टेबलावर गार झाला की कमी भरतो, आणि ऑपरेटर डोक्याला हात लावून बसतो.

कोपरे आणि आटे

पॉकेटच्या आत काटकोनी कोपरा काढून पाठवतात. कटर गोल असतो. १० मिमीचा कटर ५ ची त्रिज्या सोडणारच. तिथे ६ द्या, कटर न थांबता वळेल आणि कोपऱ्यात थरथरीचे डाग पडणार नाहीत. चौकोनी तुकडा बसवायचाच असेल तर कोपऱ्यात छोटं होल मारून जागा मोकळी करा. पॉकेट फार खोल असेल तर मोठी त्रिज्या द्या: व्यासाच्या चारपटीहून जास्त बाहेर काढलेला कटर लवायला लागतो.

बंद होलमध्ये आटे १२ मिमी खोल आणि ड्रिलही १२ मिमी खोल, ही चूक तर नेहमीची. आटे पाडणाऱ्या टॅपचं टोक निमुळतं असतं, तिथे पूर्ण आटे पडत नाहीत. शिवाय कीस तळाशी साचतो आणि टॅप तुटतो, तोही बहुधा शेवटच्या ऑपरेशनला, सगळं काम झाल्यावर. एम६ ला ५ चं ड्रिल आट्यांपेक्षा चार-पाच मिमी खोल जाऊ द्या.

नुसतं "एसएस" (स्टेनलेस स्टील) लिहू नका, ग्रेडही लिहा. ३०३ मध्ये गंधक असल्याने ते छान कापलं जातं, पण वेल्डिंगला वाईट. ३०४ आणि ३१६ कापायला चिवट. मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट हवं असेल तर ऑर्डरबरोबरच मागा. बारच्या टोकावरचा हीट नंबर (धातूच्या कुठल्या ओतणीतला ते सांगणारा क्रमांक) पहिल्या कटातच जाऊ शकतो, मग तो तुकडा कुठल्या बारचा हे कुणालाच सांगता येत नाही.

स्टेप फाइल (पार्टचं थ्री-डी मॉडेल) एका रिव्हिजनची आणि पीडीएफ दुसऱ्या, असं पाठवू नका. ड्रॉइंगमधली दृश्यं फर्स्ट अँगल पद्धतीने मांडलीत की थर्ड अँगल, याचं चिन्हही टाका. नाहीतर पार्ट आरशातला येतो.

"मशीनवर वीस मिनिटांचं तर काम आहे, एवढे दिवस कशाला?" वीस मिनिटं खरीच. पण मटेरियल यायचं, फिक्स्चर करायचं, मशीन रिकामं व्हायचं, हार्डनिंगला जॉब बाहेर जाऊन परत यायचा, त्यात वाकला तर ग्राइंडिंगला जास्त वेळ. पहिला पीस मंजुरीला आला की त्याच दिवशी उत्तर द्या. तुमचा निरोप येईपर्यंत सेटिंग तसंच अडकून राहतं.

पार्ट हातात आला आणि बसत नाही

आधी पुसा. मग होलच्या तोंडावर नख फिरवा. बऱ्याचदा नुसती बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची धार, असते. दोन्ही पार्ट एकाच टेबलावर काही तास ठेवा आणि मगच मोजा. व्हर्नियरचं सर्वात लहान माप ०.०२, जी६ चा सगळा पट्टा ०.०१३, तेव्हा तिथे मायक्रोमीटरच लागतो. होलला बोअर गेज किंवा गो-नो-गो प्लग (एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये). मापं आमच्या इन्स्पेक्शन रिपोर्टशेजारी ठेवून पाहा आणि फोन करा. तोवर कानस लावू नका. एकदा कानस फिरली की मूळ माप गेलं, मग चूक शाफ्टची होती की होलची हे ना तुम्हाला सांगता येतं ना आम्हाला.